खिशातील वाचनयंत्राचा धनी कोण?

तळहातावर मावेल एवढे, पत्त्यांच्या जोडापेक्षाही पातळ आणि तरीही शेकडो ग्रंथ पोटात साठवणारे वाचनयंत्र आता पुष्कळांच्या परिचयाचे झाले आहे. त्याला ई-रीडर म्हणतात. त्याच्या पडद्याविषयी आणि त्यात मावणाऱ्या पुस्तकांच्या संख्येविषयी बरेच बोलले जाते. परंतु त्याच्या आत बसून सर्व कारभार हाकणाऱ्या आज्ञावलीविषयी सहसा कोणी बोलत नाही. यंत्र कोणत्या प्रकारचे पुस्तक उघडील, अक्षर केवढे दाखवील, आपली लिपी शुद्ध रूपात मांडील की तिची मोडतोड करील, हे सर्व ती आज्ञावलीच ठरविते. गेल्या वीस वर्षांत जगातील हौशी आणि जाणत्या वाचकांनी ही आज्ञावली स्वतः लिहिण्याचा उद्योग आरंभिला आहे. हा उद्योग काय आहे, तो का करावा लागला आणि मराठी वाचकाचे कोणते हित त्यात गुंतले आहे, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम पडद्याची ओळख करून घेऊ. ह्या यंत्रांचा पडदा दूरचित्रवाणीच्या पडद्यासारखा स्वयंप्रकाशी नसतो. तो कागदासारखा बाहेरच्या उजेडावर वाचावयाचा असतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेतील जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी यांनी हे तंत्र सिद्ध केले आणि १९९७ साली त्यासाठी ई इंक ही कंपनी स्थापन झाली. पडद्याच्या आत केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव, आणि त्यात पांढरे व काळे असे दोन जातींचे कण असतात. दोहोंवरील विद्युत्-भार परस्परविरुद्ध असतात. विजेचा दाब एका दिशेने दिला की पांढरे कण वर येतात, उलट दिला की काळे. एकदा कण आपापल्या जागी बसले की वीज बंद केली तरी ते हलत नाहीत. म्हणजे पान पालटतानाच तेवढी वीज खर्च होते. पान वाचताना जवळजवळ काहीच लागत नाही. म्हणूनच एवढ्याशा बॅटरीवर हे यंत्र अनेक दिवस चालते. ह्या पडद्याचा एक दोष असा की, पान पालटल्यावर आधीच्या अक्षरांची पुसट छाया मागे राहते. ती घालविण्यासाठी सबंध पडदा एकदा काळा-पांढरा करून घ्यावा लागतो. तो दर पानाला करावा की दहा पानांनी, हा निर्णयसुद्धा आतली आज्ञावलीच घेते.

ह्या आज्ञावलीला फर्मवेअर असे नाव आहे. संगणकावर आपण निरनिराळे कार्यक्रम घालतो आणि काढतो. परंतु फर्मवेअर हे यंत्राच्या कायम स्मृतीत कारखान्यातच बसविलेले असते. कळ दाबली की काय घडावे, कार्डावरील फाइल कशी वाचावी, ओळ कोठे तोडावी, हे सारे त्यात लिहिलेले असते. मात्र ते दगडावर कोरलेले नसते. ती स्मृती पुसून तेथे नवी आज्ञावली लिहिता येते, आणि ह्याच क्रियेला यंत्र ‘फ्लॅश’ करणे म्हणतात. वाचकांनी केलेल्या प्रयत्नांचे दोन प्रकार आहेत. एकात मूळ फर्मवेअर काढून त्या जागी दुसरे बसवितात. दुसऱ्यात मूळ तसेच ठेवून त्याच्या खांद्यावर आपला स्वतंत्र वाचन-कार्यक्रम चालवितात. पहिला प्रकार अधिक मूलगामी, तर दुसरा अधिक सावध.

आता प्रश्न असा की, कारखानदाराने फर्मवेअर दिलेले असताना वाचकांनी हा खटाटोप का करावा? कारखानदाराचा हिशेब आणि वाचकाचा हिशेब एक नसतो, हे त्याचे मुख्य कारण होय. कारखानदाराला यंत्रे विकावयाची असतात. विकलेल्या यंत्रात सुधारणा करीत बसण्यासाठी पगारी माणसे लागतात, आणि त्यांचे वेतन पुढच्या विक्रीतूनच निघावयाचे असते. त्यामुळे नवा नमुना बाजारात आला की जुन्याकडे दुर्लक्ष होते. शिवाय ज्या भाषेचे ग्राहक थोडे, तिच्यासाठी महिनोन्महिने काम करणे व्यापाराच्या दृष्टीने परवडत नाही. यात कोणाचा दुष्टपणा असतोच असे नाही. परंतु परिणाम वाचकालाच भोगावा लागतो.

ह्या क्षेत्राच्या आरंभीच त्याचे उदाहरण घडले. विद्युत्-शाईचे पहिले वाचनयंत्र, सोनी कंपनीचे ‘लिब्रिए’, २००४ साली जपानात विक्रीस आले. त्यावर मिळणारी पुस्तके साठ दिवसांनी आपोआप बंद पडत. म्हणजे वाचक पुस्तक घेत नव्हता, भाड्याने आणीत होता. यंत्राचा सारा व्यवहारही जपानी भाषेत होता. जपानबाहेरील हौशी वाचकांनी त्याच्या आज्ञावलीत हात घालून तेथे इंग्रजी सूचना बसविल्या. वाचनयंत्रात वाचकांनी केलेल्या पहिल्या बदलांपैकी एक बदल असा भाषेसाठी झाला, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढे २००७ साली अ‍ॅमेझॉनचे किंडल आले आणि वाचनयंत्रे सर्वतोमुखी झाली. जुलै २००९ मध्ये एक विलक्षण प्रकार घडला. जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्यांच्या काही प्रती अधिकार नसलेल्या विक्रेत्याने विकल्या होत्या. हे ध्यानात येताच कंपनीने ती पुस्तके ग्राहकांच्या हातातील यंत्रांतून दूरवरूनच काढून घेतली आणि पैसे परत केले. त्यांपैकी एक कादंबरी ‘नाइन्टीन एटी-फोर’ होती. नको असलेले लेख सरकार जाळून नाहीसे करते, असे चित्र जिच्यात आहे तीच ही कादंबरी. कंपनीच्या प्रमुखांनी पुढे जाहीर माफी मागितली. तरीसुद्धा, आपल्या घरात, आपल्या टेबलावर असलेल्या यंत्रावर खरी सत्ता कोणाची, हे त्या दिवशी अनेकांना कळून चुकले. २६ फेब्रुवारी २०२५ पासून ह्याच कंपनीने, विकत घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालण्याची सोयही बंद केली. आपल्या पुस्तकांची प्रत आपल्याजवळ असावी असे वाटणाऱ्यांना हा दुसरा धक्का होता.

दरम्यान स्वयंसेवकांचे काम चालूच होते. २००८ च्या सुमारास चिनी बनावटीच्या हॅनलिन जातीच्या यंत्रांसाठी ‘ओपनइंकपॉट’ नावाचे मुक्त फर्मवेअर तयार झाले. २०११ च्या सुमारास किंडलवर पीडीएफ ग्रंथ नीट वाचता यावेत म्हणून एक छोटा कार्यक्रम लिहिला गेला. त्यातूनच आजचा ‘केओरीडर’ उभा राहिला. तो किंडल, कोबो, पॉकेटबुक अशा अनेक यंत्रांवर चालतो. तो दुसऱ्या प्रकारात, म्हणजे मूळ फर्मवेअर जाग्यावर ठेवणाऱ्यांत मोडतो. त्याची घडण पाहिली तर ह्या सहकाराचे स्वरूप कळते. पुस्तकाची पाने रचणारा त्याचा मुख्य भाग एका रशियन कार्यकर्त्याच्या ‘कूलरीडर’मधून घेतलेला आहे. त्याचा बराचसा पाठ ‘लुआ’ ह्या संगणकभाषेत आहे. ती १९९३ साली ब्राझीलमधील रिओ दी जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात जन्मली. गोव्यातील वडीलधाऱ्यांना हे नाव ओळखीचे वाटेल. पोर्तुगीज भाषेत लुआ म्हणजे चंद्र. अशा रीतीने कोणी एका देशात लावलेले झाड दुसऱ्या देशातील लोक शिंपतात, आणि त्याचे फळ तिसऱ्याच देशातील वाचकाला मिळते.

आता खिशातील लहान यंत्राकडे वळू. चीनमधील एक्सटीइंक कंपनीचे ‘एक्स ४’ हे त्याचे चांगले उदाहरण आहे. त्याचा पडदा ४.३ इंचांचा, वजन सुमारे ७४ ग्रॅम. स्पर्शाने चालणारा पडदा नाही, आतला दिवा नाही. आहेत त्या चार-दोन कळा आणि एक स्मृतिकार्ड. त्याच्या आत बसलेला ‘ईएसपी ३२-सी ३’ हा संगणक-तुकडा घरगुती उपकरणांतही वापरला जातो. त्याच्या कार्यकारी स्मृतीची मर्यादा ४०० किलोबाइट इतकी आहे. ज्या मोबाइलमध्ये ४ गिगाबाइट स्मृती असते, त्याच्या मानाने ही दहा हजारावा भाग झाली. ह्या यंत्रासाठी स्वयंसेवकांनी ‘क्रॉसपॉइंट’ नावाचे फर्मवेअर लिहिले आहे. कंपनीशी त्याचा संबंध नाही. त्याचा मूळ पाठ सर्वांना खुला आहे आणि तो कोणीही घ्यावा, बदलावा, वाटावा, अशी त्याच्या परवान्यात मुभा आहे.

एवढ्या तोकड्या स्मृतीत पुस्तक कसे मावते, हे पाहण्यासारखे आहे. पडद्यावर ८०० गुणिले ४८०, म्हणजे ३,८४,००० ठिपके आहेत. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढेच लक्षात ठेवावयाचे म्हटले तरी ४८,००० बाइट लागतात. बाइट म्हणजे एका इंग्रजी अक्षराला लागणारी जागा. ऐंशी हजार शब्दांची इंग्रजी कादंबरी जागा धरून सुमारे ४,८०,००० बाइट होते. म्हणजे एक सबंध पुस्तक ह्या स्मृतीत एका वेळी शिरूच शकत नाही. त्यातच ‘ईपब’ जातीचे पुस्तक म्हणजे अनेक फायलींची आवळून बांधलेली मोट असते. ती सोडावयाची, तिच्यातील खुणा ओळखावयाच्या आणि मग ओळी पाडावयाच्या. क्रॉसपॉइंट हे काम एकेका प्रकरणापुरते करते आणि रचून झालेली पाने कार्डावर लिहून ठेवते. प्रकरण प्रथम उघडताना थोडे थांबावे लागते. पुन्हा उघडताना तयार पाने समोर येतात. आपल्या घरातील गृहिणी लहान ओट्यावर मोठ्या पंगतीचा स्वयंपाक अशाच रीतीने उरकते. एक पदार्थ झाला की तो बाजूला काढून ठेवावयाचा आणि ओटा मोकळा करावयाचा.

येथपर्यंतचा हिशेब इंग्रजीचा झाला. मराठी वाचकाची अडचण याहून निराळी व मोठी आहे. जगातील लिप्यांना संगणकात स्थान देणाऱ्या युनिकोड ह्या व्यवस्थेत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह बहुधा तीन बाइट घेते. ‘पुस्तक’ ह्या शब्दात प, उकार, स, हलन्त, त आणि क अशी सहा चिन्हे आहेत. त्याला १८ बाइट लागतात. इंग्रजी ‘बुक’ हा शब्द चार बाइटांत मावतो. परंतु जागेपेक्षा रचनेचा प्रश्न बिकट आहे. इंग्रजीत एक चिन्ह म्हणजे एक आकृती. ती एकापुढे एक मांडली की शब्द तयार होतो. देवनागरीत ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटीचे चिन्ह साठवणीत क नंतर येते, पण कागदावर ते क च्या आधी काढावे लागते. ‘स्त्री’मध्ये तीन व्यंजने एकत्र येऊन त्यांची एकच आकृती होते. ‘सूर्य’मधला र आपली जागा सोडून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो.

मराठीत तर आणखी एक बारकावा आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. ‘आचार्यास’ नमस्कार करावा आणि ‘आचाऱ्यास’ स्वयंपाक सांगावा. र च्या ह्या दोन रूपांतील भेद यंत्राला कळला नाही, तर अर्थाचा अनर्थ होतो. तसेच ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाले. त्यापूर्वीच्या अक्षरसंचात त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाहून वेगळे असतात. अक्षरसंचात दोन्ही वळणे असतील आणि पुस्तकावर ‘भाषा मराठी’ अशी खूण असेल, तरच सुजाण आज्ञावली योग्य वळण निवडू शकते.

हे सर्व नियम सांभाळणारी एक मुक्त आज्ञावली उपलब्ध आहे. तिचे नाव ‘हार्फबझ’. हे फारसी शब्दांवरून पडलेले नाव असून त्यातील हरफ, म्हणजे अक्षर, मराठीलाही परका नाही. केओरीडर तिचाच उपयोग करतो. म्हणून कोबो किंवा किंडलसारख्या मोठ्या यंत्रावर चांगला अक्षरसंच घातला की मराठी पुस्तक त्यात व्यवस्थित वाचता येते. खिशातील लहान यंत्रात मात्र ४०० किलोबाइटांच्या संसारात हे सारे नियम व जोडाक्षरांच्या शेकडो आकृती बसविणे कौशल्याचे काम आहे. जे फर्मवेअर चिन्हापुढे चिन्ह एवढेच जाणते, त्यात वेलांट्या भलतीकडे जातात आणि जोडाक्षरे फुटतात.

तोपर्यंत एक मधला मार्ग आहे. पुस्तकाची पाने घरच्या मोठ्या संगणकावर अगोदरच रचून, चित्ररूपाने यंत्राच्या कार्डावर ठेवावयाची. चित्रात अक्षर फुटण्याचे भय नाही. एका पानाला ४८,००० बाइट धरले, तर तीनशे पानांचे पुस्तक १ कोटी ४४ लाख बाइटांचे होते, आणि १६ गिगाबाइटांच्या कार्डावर अशी हजारावर पुस्तके मावतात. अर्थात ह्याची किंमत मोजावी लागते. अक्षर लहान-मोठे करता येत नाही, शब्द शोधता येत नाही. ज्याची दृष्टी मंद त्याला नव्याने सर्व पाने रचून घ्यावी लागतात. ही सोय आहे, अंतिम उपाय नव्हे.

फर्मवेअर बदलताना काही पथ्ये पाळली पाहिजेत. पहिले असे की, बहुतेक कारखानदार अशा यंत्राची हमी पुढे पाळण्यास बांधलेले राहत नाहीत. दुसरे, आज्ञावली तिच्या मूळ कर्त्यांकडूनच घ्यावी आणि ती नेमक्या आपल्याच नमुन्यासाठी आहे याची खात्री करावी. तिसरे, जुन्या फर्मवेअरची प्रत आधी काढून ठेवावी आणि लिहिण्याचे काम चालू असता तार काढू नये. ईएसपी ३२-सी ३ मध्ये आरंभीचा एक छोटा पाठ कारखान्यातच कायमचा कोरलेला असतो. त्यामुळे काम अर्धवट राहिले तरी बहुधा पुन्हा लिहिता येते. परंतु कारखानदाराने मनात आणले तर हाच तुकडा कुलूपबंदही करता येतो, आणि मग त्याच्या सहीशिवाय कोणतीही आज्ञावली त्यात चालत नाही. चौथे पथ्य नीतीचे. नवे फर्मवेअर म्हणजे दुसऱ्याची पुस्तके फुकट वाचण्याचा परवाना नव्हे. लेखकाला त्याचे मोल मिळालेच पाहिजे. विक्रेत्याने कुलूप लावलेली पुस्तके क्रॉसपॉइंटवर उघडतही नाहीत.

मात्र वाचावयास मोकळे असलेले मराठी वाङ्मय थोडे नाही. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. हरिभाऊ आपटे, श्रीधर व्यंकटेश केतकर, साने गुरुजी यांचे लेखन त्या मर्यादेबाहेर आलेले आहे. मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवकांनी अशी पुस्तके टंकून ठेवली आहेत आणि ती ईपब रूपात उतरवून घेता येतात. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील ज्या वाचकांना मराठी पुस्तकांचे दुकान जवळ सापडत नाही, त्यांच्या दृष्टीने ह्या सोयीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. पुस्तक आहे, यंत्रही स्वस्त झाले आहे. मध्ये आडवी येते ती फक्त आज्ञावली.

आणि येथेच आपले कर्तव्य सुरू होते. मोठ्या कंपनीला मराठीसाठी वेळ नसेल. परंतु मुक्त फर्मवेअरचे दार कोणालाही लोटता येते. त्यासाठी प्रत्येकाने संगणकशास्त्रज्ञ असण्याची गरज नाही. सूचनांचे शुद्ध मराठी भाषांतर करणे, दर्या-दऱ्या, कि-की, स्त्री, ज्ञान, ऱ्हास, ॲ अशा शब्दांची चाचणी-यादी करून कोणते अक्षर कोठे फुटते हे कर्त्यांना नेमके कळविणे, आपण तयार केलेल्या ईपबवर मराठी भाषेची खूण न विसरता घालणे, ही कामे शिक्षक, मुद्रितशोधक किंवा निवृत्त कारकूनही करू शकतो. जे दूरदेशीचे लोक ही आज्ञावली लिहितात, त्यांना र ची दोन रूपे माहीत असण्याचे कारण नाही. ती आपणच सांगितली पाहिजेत. आणि आपल्यातील एखादा तरुण अभियंता जोडाक्षरांचे नियम त्या इवल्याशा स्मृतीत बसवू शकला, तर त्याचे काम मराठीबरोबरच हिंदी, कोकणी आणि नेपाळी वाचकांच्याही उपयोगी पडेल.

वाचनयंत्र विकत घेण्याच्या विचारात असलेल्या श्रोत्यांनी दुकानदाराला पडद्याचा आकार अवश्य विचारावा. परंतु त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत. माझी स्वतःची फाइल मी ह्यात तारेने किंवा कार्डाने घालू शकतो काय? ह्याचे फर्मवेअर बदलण्यास मोकळे आहे की कुलूपबंद? आणि ‘दऱ्या’ हा शब्द ह्यावर कसा दिसतो? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी घेऊ नये. तो शब्द पडद्यावर उघडून दाखविण्यास सांगावे आणि मगच पैसे द्यावेत.